दोन दारांचं कपाट

"चाळीस वर्षं जगाची दारं चमकवली, आणि माझं कपाट मेलं उघडंबोडकंच," सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे, शेजारच्या खोलीत नीट ऐकू जाईल एवढ्या हळू.

"घेतलंय ना करायला? मग आता जरा तोंडाला कुलूप लाव," सासरे म्हणाले. बोटांनी चाचपत त्यांनी लाखेची बाटली उचलली.

सोमवारी त्यांना वाचनालयाची बारा टेबलं पॉलिश करायला जायचं होतं. सासूबाईंनी कपाटाचा धोशा लावला तो त्यासाठीच. कपाट करताना, हे काम आता आपल्याला जमत नाही, हे सासऱ्यांचं त्यांनाच उमजेल, अशी आशा. आठ दिवसांत सगळ्यांना उमजलं, त्यांना सोडून; आणि तोंडावर सांगायचा धीर कुणालाच होईना.

रोज सकाळी ते कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा लाखेत बुडवून लाकडावर ओढत. दुपारी त्यांचा डोळा लागला की सासूबाई दारात बसून पहारा देत आणि सून स्पिरिटनं काळपट ओघळ पुसून ती जागा पुन्हा भरून काढी. हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. संध्याकाळी सगळे म्हणत, "वा! काय चकाकी!"

काल मात्र दुपारीच पाहुणे टपकले. सुनेचं एकच दार झालं, दुसरं राहिलं.

आज सासऱ्यांनी बोळा बुडवण्याआधी झालेल्या दारावर तळवा ठेवला. वरून खाली नेला. कडेशी थांबले. पुन्हा वर नेला.

"हा हात माझा नाही."

"फडकं मारलं असेल हो तिनं," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

"मी डावखुरा. माझा बोळा डाव्या कडेला सुटतो. हा उजवीकडे सुटलाय." ते सुनेकडे वळले, पण नजर तिच्या खांद्यापलीकडे गेली. "अंगठा दाबून धरतेस अजून. दहा वेळा सांगितलं होतं."

"बाबा, मी फक्त..."

"का पुसलंस?"

सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदराचं टोक गुंडाळायला घेतलं.

"रंग थोडा गडद झाला होता," सून म्हणाली.

"थोडा म्हणजे?"

शेवटी सासूबाईंच्यानं राहवेना.

"एक दार चहा, एक दार कॉफी," त्या म्हणाल्या. "आणि कॉफीला दूध घालायला विसरलाय तुम्ही."

सासरे हसले. मग स्टुलावर बसले. लाखेच्या दोन्ही बाटल्या मांडीवर घेतल्या, एक फिकी, एक गडद. एकेक करून खिडकीकडे धरली. अदलाबदल करून पुन्हा धरली. मग दोन्ही खाली ठेवल्या, अगदी जवळजवळ, धक्का लागून सांडू नयेत अशा.

"आठ दिवस हे कष्ट उपसलेस, दुपारचं न झोपता?"

सुनेनं बाटल्यांची बुचं लावली.

"वरची फळी चांगली जमलीय. परवा लागली होती हाताला. मला वाटलं, माझीच."

त्यांनी बोळा तिच्या हातात दिला. तिचा अंगठा चाचपून पाहिला आणि जरा सैल केला.

"असा. आणि वाचनालयात फोन लाव," ते म्हणाले. "सोमवारी येत नाही म्हणावं. कारण विचारतील. ताप आलाय, गावाला गेलेत, असलं काही सांगू नकोस. सांग, त्यांना दिसत नाही."