बाहेर बसलेली

"ही कुणाची?" कुसुमआत्याने गोळ्यांची पट्टी चिमटीत धरून ट्यूबलाइटखाली नेली.

फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात ती स्वतःची बीपीची गोळी शोधत होती. बिबवेवाडीच्या त्या फ्लॅटात गौरींच्या नैवेद्याची गडबड चालली होती. शेफाली तळणात अडकलेली, आणि तिची नणंद स्वराली आयुष्यात पहिल्यांदाच या घरातल्या पुरणयंत्राचा दांडा फिरवत होती. सकाळी स्वरालीने पुरण वाटू का विचारल्यावर आत्या "बघू" म्हणाली होती. सदाशिव पेठेत उभा जन्म काढलेल्या बाईने "बघू" म्हणणं म्हणजे इतरांनी पेढे वाटण्यासारखं. मागच्या गौरींना हिनेच स्वरालीचा पाट पुरुषांच्या पंगतीत, भावाशेजारी मांडला होता. "तुझी जागा तिथे," एवढंच म्हणाली होती. जन्माच्या दाखल्यावर 'मुलगा' लिहिलेलं, आणि लिहिलेलं आत्या खोडत नसे.

"माझी आहे, आत्या," स्वराली म्हणाली.

आत्याने चष्मा नाकावर ओढून एकेक अक्षर लावलं. प्रो-जेस्-टे-रॉन.

"पाळीच्या गोळ्या या."

"अगं, तसं नाही..."

तसं नव्हतंच. इतर हार्मोनच्या जोडीला डॉक्टरांनी ही गोळी दिली होती आणि देताना सरळ सांगितलं होतं, काहींना बरं वाटतं, पण उपयोग कितपत होतो ते शास्त्राला अजून नक्की ठाऊक नाही, घेऊन बघू. स्वयंपाकघरातल्या शास्त्राला मात्र सगळं ठाऊक होतं.

"म्हणजे पुढे ढकललीस," आत्या म्हणाली. "गौरींच्या तोंडावर. आणि पुरणाला हात लावलास! गोळीने पाळी थांबते, तारीख थांबत नाही."

शेफालीचा झारा कढईतच थांबला. आत्याचा हिशेब तिच्या ध्यानात आला. डॉक्टरांनी मुलाची मुलगी केली ना? मग मुलीमागे जे जे येतं ते सगळं आलंच. म्हातारीला अर्धवट काही मानवत नसे.

"अहो आत्या, पण हिला कुठे..."

स्वरालीने पुरणाचा हात वर करून तिला थांबवलं. 'मला पाळी येतच नाही' एवढं म्हटलं असतं, तर दांडा परत हातात आला असता. कदाचित पुरुषांच्या पंगतीतला पाटही.

"चुकलं, आत्या," ती म्हणाली.

"चुकलं म्हणे! ऊठ. गॅलरीत जाऊन बस, कुणाला शिवू नकोस. हे पुरण घरच्यांना होईल. नैवेद्यापुरतं मी नव्याने घालते. गौरींना काही कळत नाही असं वाटतं या पोरींना!"

स्वराली गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने शेफाली मिरच्यांची देठं टाकायच्या निमित्ताने बाहेर आली.

"बावळट आहेस का गं? दर वर्षी गोळी घेऊन मी आत राबतेय. आजही घेतलीय. आणि तू नसलेलं कबूल करून बाहेर?"

"तुला कंटाळा आलाय, वहिनी. माझी पहिलीच वेळ आहे."

शेफाली हसली नाही. "बस. पुढच्या वर्षी विचारते, किती मजा येतेय."

ती आत गेली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आतून आरतीच्या तयारीचा आवाज आला, ताटं मांडल्याचा आला, स्वरालीचं नाव कुणी घेतलं नाही.

मग दार किलकिलं झालं. सोवळ्यातली आत्या उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. खाली वाकून तिने गरम पाण्याची रबरी पिशवी फरशीवर ठेवली आणि शिवाशिव नको म्हणून लगेच मागे सरली.

"घे. त्या गोळ्यांनी कंबर धरते." तिने एकदा मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी घ्यायचे, तेव्हा माझी धरायची."

दार लागलं.

स्वरालीची कंबर काही धरली नव्हती. तिने पिशवी उचलली, पाठीशी लावली, आणि पार गार होईपर्यंत काढली नाही.