निम्म्यात अडकलेली रेघ

"उत्तर जुळेना, तर आधी आपलं गणित तपासावं, पोरी. जगाला नावं मागाहून ठेवावीत." वडिलांचा आवाज थांबून वर्षं लोटली होती. तरी संगणकाच्या पडद्यावरची रेघ अडली की तो कानाशी यायचाच. आज सकाळपासून येत होता.

रुग्णालयात तिला सगळे गणितवाली म्हणत. एचआयव्ही झालेल्यांच्या रक्तात विषाणू किती, ते आकडे तिच्याकडे येत. औषध सुरू झाल्यावर ते कसकसे उतरतील, हे ती समीकरणं मांडून आधीच सांगे. बहुतेकांची रेघ उतरत उतरत तळाला टेके आणि तिचा जीव भांड्यात पडे. आज समोर बसलेल्या, शिवणकाम करणाऱ्या बाईची रेघ मात्र निम्म्यात अडकली होती. धड खाली नाही, धड वर नाही. गणितवालीने समीकरण उसवलं, पुन्हा शिवलं. औषधाची ताकद निम्मी धरली की सगळे ठिपके रेघेवर शहाण्यासारखे येऊन बसत. पण निम्मी का? विषाणूने रूप पालटलं असेल म्हणून तपासणी केली, तर तसंही काही निघालं नाही.

"गोळी चुकते का कधी?" डॉक्टरांनी बाईला विचारलं.

"एक दिवस नाही. डबी बघा की." डबी खरंच रिकामी होती.

डॉक्टरांनी हात टेकले. "मग दुसरं औषध देऊ. तेही हरलं, तर त्यापुढे माझ्या कपाटात काही नाही." ते चिठ्ठी आणायला बाहेर गेले.

बाई पडद्याकडे बघून हसली. "माझ्या रक्तात एवढं गणित? शाळेत मला पाढे येत नव्हते."

गणितवालीला हसू आलं नाही. "माझंच कुठंतरी चुकतंय, मावशी. आणि मला ते सापडत नाही. अर्धवट औषध म्हणजे विषाणूची शिकवणी. त्यानं तो मरत नाही, शहाणा होतो. मग पुढे पुरी गोळी घेतली तरी तिला जुमानत नाही."

बाईचं हसू ओठांवरच सुकलं. मांडीवरच्या पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत राहिली.

"अर्धी मिळाली, की कुणाचाही शहाणा होतो?"

"कुणाचाही."

दाराबाहेर डॉक्टरांची पावलं वाजली, तशी बाई घाईने पुढे झुकली.

"तुमचं गणित बरोबर आहे, ताई. हे दुखणं मला ह्यांच्याकडूनच आलं. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, त्या रांगेत उभं राहण्याआधी जीव देईन. म्हणून अर्धी गोळी मी घेते, आणि अर्धी कुटून ह्यांच्या दुधात घालते."