सगळ्यांना पुरेल एवढी भाजी

“बदली केली?”

“नाही.”

“पगार अडवला?”

“नाही, मॅडम.”

सरकारी कार्यालयात गैरप्रकार उघड करणाऱ्याला नंतर कुणी छळत तर नाही ना, हे तपासायला नलिनी काळसेकर पाणीपुरवठा खात्यात आल्या होत्या. समोर ठोसर नावाचे कारकून बसले होते. त्यांच्याच तक्रारीमुळे निकृष्ट पाइपांची खरेदी पकडली गेली होती. त्यांना काहीच त्रास नाही हे ऐकून नलिनीताईंना हायसं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे टेबलं जोडून बसले. चटण्या, लोणची या डब्यातून त्या डब्यात फिरू लागली. ठोसर मात्र खिडकीकडे तोंड करून एकटेच जेवत होते. नलिनीताई आपला डबा घेऊन त्यांच्यापाशी गेल्या. ठोसरांपुढे चार पुडांचा भलामोठा डबा होता, आणि ते एकेक घास कसाबसा गिळत होते.

“एवढं एकट्यानं?”

“बायकोला सांगितलेलं नाही,” ते हळूच म्हणाले. “ती अजून सगळ्यांना पुरेल एवढी भाजी देते. संध्याकाळी रिकामा डबा बघून विचारते, आवडली ना सगळ्यांना?”

“मग?”

“आवडली म्हणतो.”