तिसाव्या किलोमीटरची पाटी

तिसाव्या किलोमीटरची पाटी आली. इथवर दिगंबरच्या पुढे पळून त्याला वेग द्यायचा आणि मग शर्यत सोडायची, एवढंच माझं काम. पण पायांत अजून रग होती. मी थांबलोच नाही.

"हट!" त्याचं कोपर मागून माझ्या बरगडीत घुसलं. मी हटलो नाही. बरोबरीला येताच त्यानं दुसरं कोपर नाकावर हाणलं. तोंडात आलेलं रक्त गिळत मी आणखी जोरात सुटलो.

शेवटच्या शंभर मीटरवर त्यानं मला गाठलं, मागे टाकलं. जागतिक विक्रम अकरा सेकंदांनी मोडला.

आमच्या प्रशिक्षकांनी येऊन खाडकन माझ्या कानाखाली वाजवली. पुन्हा उचललेला त्यांचा हात दिगंबरनं पिरगाळला.

कोपरावरचं माझं रक्त पुसत तो मला म्हणाला, "पुढच्या वेळीही हटू नकोस. मी पुन्हा मारीन."