वाऱ्याच्या बाजूचा बांध

ललितच्या मायनं, मथुराबाईनं, शाळेच्या पुस्तकात तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज पाहिलं होतं. तसं एक खरं बघायचंच म्हणून तिनं लेकाला थेट समुद्रावर न्यायला लावलं. तिथला होडीवाला हसला. "शीड आता कुठलं, आजी? सगळं डिझेलवर चालतं." परतीच्या गाडीत घरचं बुऱ्हाणपूर येईपर्यंत माय खिडकीकडं तोंड करून बसली. ललितला ते फार लागलं.

चैत्र उतरला आणि गरम वारे सुटले. केळीची पानं फाटू नयेत म्हणून दरवर्षीसारखा बांधावर जुन्या साड्यांचा आडोसा करायचा होता. या खेपेला मायनं बांबू चांगले उंच रोवून घेतले, पण साड्या काही ताणू दिल्या नाहीत.

"ढिल्या कायले, माय? लोक हसतील."

"हसू दे. तू बांध."

दुपारी वारा आला. लाल, हिरव्या, जांभळ्या साड्या एकदम टरारून फुगल्या आणि त्यांच्यामागं सगळी केळी लाटांसारखी उसळली. माय पदर खोचून उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. "चाललं रे, चाललं!"

"माय, खाली उतर ना, पडशील!"

"आधी किनारा येऊ दे!"

ललितनं इकडंतिकडं पाहिलं. बांधावर कुणी नव्हतं. तो बंद ट्रॅक्टरवर चढून बसला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि मागं वळून ओरडला, "बोल कप्तान, किधर मोडू?"