सगळ्या खोल्यांत एकच गाणं

“विहीणबाई, माझ्या पोरीवर कुणाला हात उगारू देऊ नका,” माझ्या सुनेच्या, ओयदिनच्या आईने सोयरीक जुळली त्या दिवशी मला बजावलं होतं. मग आम्ही दोघींनी मिळून नान मोडला. आमच्या मार्गिलान शहरात नान मोडून दिलेला शब्द कुणी फिरवत नाही.

परवा ओयदिनच्या किंकाळ्या ऐकून शेजाऱ्याने भिंत ठोठावली. आज माझा मुलगा बोतिर सगळ्या खोल्यांत एकच गाणं वाजवणारे स्पीकर घेऊन आला. बाकीचे आत ठेवले आणि बॅटरीवर चालणारा माझ्या हातात दिला.

“आई, हा घेऊन अंगणात शेजाऱ्याच्या भिंतीपाशी बस. आतलं काही ऐकू आलं तर सांग.”

“आतलं म्हणजे काय रे?”

“गाण्याशिवाय दुसरं काहीही. तुझ्या तसबीचे मणी ओढत बस, मध्ये पडू नकोस.”

त्याने आतून दार लावून घेतलं. लग्नातलं गाणं घुमू लागलं. खिडकीतून मला त्याचा पट्टा वर जाताना दिसला, ओयदिनचं उघडलेलं तोंड दिसलं, हनुवटीवरून ओघळणारं रक्त दिसलं. ऐकू मात्र गाणंच आलं.

बोतिरने धापा टाकत खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय येतंय ऐकू?”

“गाणंच, बाळा. जरा अजून वाढव.”

त्याने वाढवलं.



आमच्या फाटकाची कडी फार वाजते. पण ती काढून मी पोलीस चौकीच्या वाटेला लागले, तेव्हा त्याला काहीच ऐकू गेलं नाही.