पकड सुटली

वर्षभरात पाचव्यांदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तेव्हा आईने हायच खाल्ली; घराबाहेर पडेना. डॉक्टरांनी रोजसाठी दिलेली इवलीशी गोळी तिने लेकीपुढे सरकवली. “एवढ्याने काय जंतू मरणार? मी नाही घेत.” लेक जंतूंच्याच प्रयोगशाळेत कामाला होती. आईला तिथे नेऊन तिने सूक्ष्मदर्शकातून दोन काचा दाखवल्या. पहिलीवर मूत्राशयाच्या पेशींना जंतू गोचिडांसारखे चिकटलेले. दुसरीवरच्या जंतूंना त्याच गोळीतलं कणभर औषध दिलेलं. तिथे पेशी लख्ख. “मेले का?” “नाही, जिवंतच होते. पण चिकटता येईना; धुताना वाहून गेले. तुझेही लघवीबरोबर जातील.” आई खुदकन हसली. “मेल्यांना बूड टेकायलाच जागा नाही!” चार महिने तिने गोळी चुकवली नाही. मग फोन आला. “अगं, मावशीकडे आलेय. ताप नाही, काही नाही. आठ दिवस राहीन.” “महिनाभर राहा,” लेक म्हणाली आणि रडलीच.